अक्षरी शून्य फक्त

४ जून

प्रिय दादा,

नमस्कार. मागच्या वेळी फोनवर आपण दोघं एकदमच बोललो आणि दोघांनी एकदमच फोन आपटला, म्हणून आता पत्र. पत्रात निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

बातमी अशी की आमचं सरकारी कॉलेज या वर्षापुरतं फुकट झालं आहे. एक वर्ष करून बघायचं आणि मग कायमचं ठरवायचं, असा वरून हुकूम आला. तीस वर्षं मी फीच्या खिडकीत बसते आहे. मला वाटलं, आता आपली रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत. पण झालं उलटंच. फी गेली, मात्र फीची पावती जोडल्याशिवाय प्रवेश नाही, हा नियम काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही! त्यामुळे मुलं रांगेत उभी राहतात, मला काहीही देत नाहीत, आणि मी त्यांना त्याची रीतसर पावती देते. तीन प्रतींत. 'अंकी ०. अक्षरी शून्य फक्त.' वर शिक्का, खाली माझी सही. पूर्वी रांग जिन्यापर्यंत असायची, ती आता सायकलींच्या छपराबाहेर गेली आहे. काल एकानं शून्य भरून सुट्टे मागितले. त्याला मी परत रांगेच्या शेवटी पाठवला.

तू कधी आमच्या कॉलेजात पाऊल टाकलं नाहीस, म्हणून सांगते. माझ्या खिडकीला दुधी काच आहे आणि खाली एक अर्धगोल भोक. आत येतो तो फक्त हात. त्यामुळे मला इथली माणसं तोंडानं माहीतच नाहीत. शाईचे हात, घामेजलेले हात, नखं कुरतडलेले हात, एवढीच माझी ओळख.

आणखी एक. हे फुकट प्रकरण पुढे चालू ठेवावं का, यावर प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांकडून लेखी मत मागवलं आहे. मुदत पंधरा जुलै, म्हणजे प्रवेशाची शेवटची तारीख तीच. मी अजून कोरा कागद घेऊन बसले आहे. तू व्यापारी मंडळाचा चिटणीस, तुझं मत तर तू म्हणे दुकानाच्या आरशावरच लिहून ठेवलं आहेस. मलाही जरा कळव.

तुझी,
छोटी


९ जून

चि. छोटी,

अनेक आशीर्वाद. आरशावर नाही, आरशाच्या वर. रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली आहे: 'फुकटचं शिक्षण म्हणजे फुकटची दाढी. रक्त निघणारच.' येणारी-जाणारी माणसं थांबून वाचतात. दोघं-तिघं वाचून दाढी न करताच गेले, पण ते सोड.

अगं, फुकट म्हटलं की माणसाची अक्कल गहाण पडते. दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी एक दिवस दाढी फुकट ठेवली होती, आठवतंय? ज्यांना दाढी येत नाही तेही येऊन बसले. एक जण सकाळी करून गेला आणि दुपारी भांडायला परत आला, म्हणे डाव्या गालाला नीट झाली नाही. फुकटच्या दाढीची तक्रार! आणि मुख्य मुद्दा ऐक. कर भरणार मी, ज्यानं कॉलेजचं फाटकही आतून पाहिलं नाही. आणि फुकट शिकणार कोण? डॉक्टरची पोरं, वकिलाची पोरं. म्हणजे माझ्याच कात्रीनं माझाच खिसा कापायचा. लिही हे तुझ्या कागदावर.

आपल्या घरात बघ. बाबांकडे एकाच्याच फीची सोय होती. मी एकदा आपटलो होतो, म्हणून आपण दोघं एकाच वर्षी शाळा पास झालो. तेव्हा बाबांनी रडगाणं गायलं का? सरकारकडे हात पसरले का? काकांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, 'अर्धं डोकं तुझं, अर्धं हिचं. जो जिंकेल त्याला दुकान, जो हरेल तो कॉलेजात.' मी जिंकलो. तुझी बाजू अशी झाली होती की काका महिनाभर टोपी घालून जेवायला बसायचे. चाळीस वर्षं मी ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. जे मिळवलं ते हातानं मिळवलं.

मेहुण्यांचे केस कोण कापतं ते तू अजून सांगितलं नाहीस. मागे आले होते तेव्हा पाहिलं. कानामागची रेघ बरी मारतो तो माणूस. मी कारागीर ओळखतो.

ता. क. सहज विचारतो. या फुकट प्रवेशाला वयाची अट आहे का? एक गिऱ्हाईक विचारत होतं.

तुझा,
दादा


१४ जून

प्रिय दादा,

वयाची अट नाही. कुठलं गिऱ्हाईक?

तुझा मुद्दा काही अगदीच टाकाऊ नाही. डॉक्टरची पोरं रांगेत आहेत खरी. त्यांचे हात मऊ असतात आणि पावती घेताना ते आभार मानायला विसरतात. पण मी तुला दुसरे हात सांगू? दर वर्षी शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, काही हात यायचे. नोटा दोनदा मोजायचे, मग मुठीत घट्ट धरायचे आणि न बोलता भोकातून मागे जायचे. मी 'पुढचा' म्हणायची. मला दुसरं काय म्हणता येणार होतं? या वर्षी असा एकही हात अजून मागे गेलेला नाही.

रस्त्यावरून चालताना तू पैसे देतोस का रे? तोही करातूनच झाला आहे ना?

तुझे मेहुणे म्हणतात, न्हाव्याचं नाव गुपित आहे.

तुझी,
छोटी


२० जून

चि. छोटी,

रस्त्यावरून चालून आलेला माणूस शहाणपणा शिकवत नाही. कॉलेजातून आलेला शिकवतो. फरक आहे.

गिऱ्हाइकाचं विसर. होतं एक. त्याला म्हणे इतिहास शिकायचा आहे. खुर्चीत बसून लोक कुठल्याही राजाला कुठल्याही लढाईत मारतात, आणि वस्तरा हातात असूनही मला खोडून काढता येत नाही. म्हणजे त्याला. त्या गिऱ्हाइकाला.

हल्ली गुडघा धरतो, म्हणून काही दिवस सकाळी दुकान बंद ठेवतो आहे. फोन केलास आणि लागला नाही तर काळजी करू नकोस.

तुझा,
दादा


२४ जून

प्रिय दादा,

गुडघ्याला तेल लाव आणि जिने चढू नकोस. आमच्या कॉलेजाला बेचाळीस पायऱ्या आहेत. उगाच सांगते.

परवा एक मजेदार हात आला. वयस्कर, पण काय स्वच्छ! नखं एका मापात कापलेली. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आणि करंगळीशेजारच्या बोटालाही तसाच घट्टा. शिंपी असावा, नाहीतर माळी. इतिहासाला अर्ज भरला होता. आता म्हातारपणी हौस असते एकेकाला. पण वेंधळा! फोटो असा लावला होता की केस कपाळावर आलेले. नियम क्रमांक चार: चेहरा स्पष्ट दिसावा. मी अर्जावर लाल शाईनं लिहिलं, 'केस विस्कटलेले. नीट विंचरून नवा फोटो आणावा.' आणि दिला परत. काचेपलीकडून कसला तरी घुसमटल्यासारखा आवाज आला.

तुझी,
छोटी


२६ जून

छोटी,

तुझं पत्र आत्ताच मिळालं आणि लगेच लिहायला बसलो.

तुला लाज नाही वाटत? एक माणूस या वयात, बेचाळीस पायऱ्या चढून येतो आणि तू त्याला विंचरायला शिकवतेस? ते केस विस्कटलेले नव्हतेच मुळी! ती सावली होती! फोटोवाल्याचा दिवा उजवीकडे होता. मला कसं माहीत? अंदाज. इतक्या वर्षांच्या धंद्यात केसांवरचा शेरा मला कळतो. उद्या त्या माणसाच्या ओळखीच्यांना हे कळलं तर तो तोंड कुठे लपवेल?

आणि माळी असेल तर माळीच असेल. माळ्यानं शिकू नये असं कुठे लिहिलंय?

फुकट शिक्षणाला माझा विरोध कायम आहे. पाटी तशीच आहे. फक्त माझं म्हणणं असं की ज्यांना सरसकट फुकट देऊ नये त्यांत माळी धरू नयेत.

दादा


१ जुलै

प्रिय दादा,

तुझा राग वाचून बरं वाटलं. तुझी तब्येत ठीक दिसते.

तुझ्या माळ्यानं नवा फोटो आणला. काय भांग पाडला होता, पट्टीनं आखल्यासारखा! पण अर्जावर पालकाची सही नाही. नियम क्रमांक नऊ: प्रत्येक विद्यार्थ्याच्या अर्जावर पालकाची सही हवी. वयाबद्दल नियमात अक्षर नाही, मी तरी काय करू? भोकातून आवाज आला, 'अहो, आईवडील देवाघरी गेले.' मी म्हटलं, 'मग वडीलधाऱ्या कुणाला तरी आणा.' आवाज ओळखीचा वाटला, पण रुमालातून आल्यासारखा होता, सर्दी असावी बिचाऱ्याला.

तर काल तो एका ऐंशीच्या आजोबांना घेऊन आला. आजोबांनी पालक म्हणून सही केली. मग विचारलं, 'इथे काय वाटतात?' मी म्हटलं, 'शिक्षण.' 'कितीला?' 'फुकट.' 'मग एक अर्ज मलाही.' आता आजोबांच्या अर्जावर पालक म्हणून माळ्याची सही आहे. दोघं एकमेकांचे पालक! आजोबांना मी लगेच पावती दिली, कारण त्यांचा अर्ज बिनचूक होता.

माळ्याचा परत केला. खाडाखोड होती.

तुझी,
छोटी


५ जुलै

छोटी,

हद्द झाली. खाडाखोड नव्हती. तुझ्या खिडकीबाहेरचा पंखा फिरत नाही, कपाळावरचा घाम कागदावर पडला आणि शाई फुटली. इतका वेळ माणसाला उभं करता, निदान पंखा तरी दुरुस्त करा.

हे मला कसं माहीत, म्हणून विचारशील. आता लपवण्यात अर्थ नाही. माळी मीच.

हसून झालं की पुढचं वाच. आजोबा माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी ती शून्याची पावती गावभर दाखवली, आणि 'आमचा न्हावीही माझ्याबरोबर आहे' असं सांगत सुटले. काल मंडळाची सभा होती. मी आत गेलो तर माझीच पाटी काढून माझ्या खुर्चीवर ठेवली होती. कापडवाल्यानं उभं राहून विचारलं, 'चिटणीस, रक्त किती निघालं?' सगळे इतके हसले की सभेला दुसरं काही कामच झालं नाही. मीही हसलो. पण घरी येऊन जेवलो नाही.

मला जायचं होतं गं. खोटं कशाला बोलू? अठराव्या वर्षीही थोडं जायचं होतं. पण मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्याला कुरकुरता येत नाही. आता तोंड वर करून फुकटची जागा घेणं मला जमणार नाही. मी ना ती मिळवली, ना तिच्यासाठी काही मोजलं. करार करार असतो: जिंकला त्याला दुकान. मला दुकान मिळालं. अर्ज मागे घेतो आहे. तू लाल शाई आवरून ठेव.

दादा


८ जुलै

प्रिय दादा,

हसले. पण थोडंच.

तू आहेस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अर्जावर तुझं नाव होतं, शहाण्या! मी फी घेते, म्हणून काय मला वाचता येत नाही? आणि नाव नसतं तरी तो घट्टा मी ओळखला असता. तसाच बाबांच्या अंगठ्याला होता. आपलं फोनवर भांडण झाल्यापासून तू चार महिने इकडे फिरकला नव्हतास. तुझा हात भोकातून आत आला आणि मला वाटलं, एकदा पावती दिली की हा पुन्हा खिडकीवर येणार नाही. म्हणून फोटो, म्हणून पालक, म्हणून खाडाखोड. चुकलंच माझं.

पण त्याहून मोठी चूक आज सांगते. काकांचं डोकं. दादा, मी मुद्दाम वाकडं कापलं.

मला कॉलेजात जायचं होतं. कात्री माझ्याही हातात चांगली चालायची, हे तुला माहीत नव्हतं, कारण मी बाहुल्यांचे केस कापायची तेव्हा तू क्रिकेट खेळायला जायचास. त्या दिवशी नीट कापलं तर दुकान गळ्यात पडणार, एवढं कळण्याइतकी मी हुशार होते. काका झोपले होते, म्हणून सोपं गेलं. चाळीस वर्षं तू जिंकल्याची गोष्ट सांगतोस आणि प्रत्येक वेळी मी उठून चहा टाकायला जाते. तू जिंकला नाहीस. मी तुला जिंकवलं आणि तुझी जागा घेऊन पळाले.

आता तुझ्या मेहुण्यांचा न्हावी कोण, तेही तुझ्या लक्षात आलं असेल.

तेव्हा फुकटची जागा कुणी घेतली असेल तर ती मी. तू अर्ज मागे घेऊ नकोस. पंधरा तारखेला खिडकी पाच वाजता बंद होते, आणि मी एक मिनिटही पुढे ढकलू शकत नाही. प्राचार्यांना मत मी काल लिहून दिलं. लिहिलं की जे आत आले त्या सगळ्यांच्या पावत्या माझ्याकडे आहेत, पण जे खिडकीपर्यंत येऊन मागे गेले त्यांची पावती कुणीच फाडली नाही, म्हणून फुकट चालू ठेवावं. आणि पंखा दुरुस्त करावा, हेही लिहिलं.

तुझी,
छोटी


१० जुलै

छोटे,

चोर! लबाड! चाळीस वर्षं! मी ही गोष्ट किमान पाच हजार माणसांना सांगितली आहे. आता त्यांना एकेकाला गाठून सांगू का, की मला माझ्या धाकट्या बहिणीनं मामा बनवलं? कापडवाल्याला तर मी ती दोनदा सांगितली आहे.

आणि वर म्हणतेस, तुझी कात्री चांगली चालायची. पुरावा? बाहुल्या आणि मेहुणे? मेहुण्यांना केस आहेतच किती?

हे असं पत्रात मिटणार नाही. रविवारी दहाच्या बसनं ये. दुकान उघडं ठेवतो. डोकं आजोबांचं. ऐंशीचे आहेत, पण काय दाट केस! फुकट आहे म्हटल्यावर लगेच तयार झाले. अर्धं तुझं, अर्धं माझं. पंच म्हणून सगळं व्यापारी मंडळ बसेल. या वेळी खरं कापायचं. शप्पथ आहे तुला बाबांची. नियम तोच: जिंकेल त्याला दुकान, हरेल तो कॉलेजात.

येताना तुझी कात्री आण. माझी देणार नाही.

दादा


१३ जुलै

चि. छोटी,

काल तू बसमध्ये चढलीस आणि इकडे मंडळ पुन्हा आजोबांभोवती जमलं. दोन आरसे धरून तपासणी झाली. निकाल एकमतानं कायम राहिला: डावी बाजू, म्हणजे तुझी, सरस. माझी बाजू कानाच्या वर चढली होती. कापडवाला म्हणाला, 'चिटणीस, तुमचा हात गेला.' आजोबांनी टोपी मागितली. मी ती फुकट दिली.

तेव्हा मी हरलो आहे आणि त्याला आता इलाज नाही. दुकान रीतीनं तुझं झालं. पुढच्या वर्षी निवृत्त झालीस की सकाळी येऊन बस. तोवर मी दुपारनंतर उघडत जाईन. आणि बाबांच्या नियमाप्रमाणे हरलेल्यानं कॉलेजात जायचं असतं. म्हणजे यात फुकट काही नाही. मी रीतसर हरून जागा मिळवली आहे, हे सभेत तसं नोंदवून घेतलं.

पाटीही बदलली. रंगाऱ्यानं विचारलं, 'नवीन काय लिहू?' मी म्हटलं, 'सकाळी दुकान बंद.'

अर्ज नव्यानं भरला आहे. एकही खाडाखोड नाही. उद्या येतो.

तुझा,
दादा


१४ जुलै

प्रिय दादा,

अर्ज मिळाला. पत्र तुझ्या हातात थेट देता आलं असतं, पण मागे रांग होती आणि तुझा आवाज आजही रुमालातूनच येत होता, सवयीनं. म्हणून हे पावतीबरोबर पोस्टानं पाठवते.

रविवारी तुम्ही सगळे चहाला उठलात तेव्हा मी आजोबांची उजवी बाजू नीट पाहिली. वरचं सगळं वाकडं होतं, हे खरं. पण कानामागची रेघ, दादा, दोऱ्यानं आखल्यासारखी सरळ होती. ज्याचा हात खरोखर गेला तो आधी कानामागेच चुकतो. हे ज्यानं एकदा मुद्दाम केलं आहे त्यालाच कळतं. बाबांची शप्पथ तू मला घातलीस, स्वतः घेतली नाहीस, हेही मला बसमध्ये आठवलं. मंडळाला मी काही सांगणार नाही.

पहिला तास साडेसातला. इतिहासाच्या बाई उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. आजोबा टोपी घालून पुढच्या बाकावर बसले असतील, तुझी जागा धरून.

सोबत पावतीची तुझी प्रत, एक अर्जाला जोडली आहे. वाचून खात्री कर: अंकी ०, अक्षरी शून्य फक्त. मिळाले.

तुझी,
छोटी